दुपारचा रात्रनिवारा

सत्तरच्या दशकात काही वर्षं मी नागपुरात एका रात्रनिवाऱ्याची अधीक्षिका होते. अधीक्षिका हा शब्द मोठा वाटतो. प्रत्यक्षात मी होते, एक चौकीदार होता आणि एक लांबलचक हॉल होता. इतवारीच्या धान्यबाजारामागे एका धर्मादाय संस्थेचं जुनं गोदाम रिकामं पडलेलं होतं. सरकारनं बेघर लोकांच्या निवाऱ्यासाठी अनुदान देऊ केलं, तेव्हा संस्थेनं त्या गोदामाला शहाबादी फरशी घातली, भिंतींना चुना लावला, मागच्या बाजूला नळ आणि संडास बांधले आणि दारावर पाटी लावली. सतरंज्या, कांबळी, दिवाबत्ती, माझा पगार, चौकीदाराचा पगार, सगळं त्या अनुदानातून यायचं.

आम्ही कोराडीला राहायचो. माझे यजमान तिथल्या वीज केंद्रात होते आणि आम्हाला कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. सकाळचा स्वयंपाक आटोपून मी शहराकडे येणारी बस धरायची. खिडकीच्या दांडीवर राखेचा पातळ थर असायचा, त्यामुळे पांढरं पातळ नेसायचं मी सोडूनच दिलं होतं. माझं माहेर काटोलकडचं, शेतीवाडीचं. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली घरातली मी पहिलीच, आणि ते शिक्षण घेऊन मी रस्त्यावरच्या लोकांना झोपायला जागा देते, हे माझ्या वडिलांना कितीही सांगितलं तरी पटत नसे. "लोकं झोपतात, त्याचा तुले पगार?" असं ते दर दिवाळीला विचारत.

निवाऱ्याचा नियम साधा होता. संध्याकाळी दिवे लागले की दार उघडायचं आणि सकाळी उजाडलं की सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावायचं. रात्री मुक्कामाला जितकी माणसं, त्या हिशेबानं अनुदान. रात्र चौकीदार सांभाळायचा. मी दिवसा ऑफिसात बसायची, सतरंज्या उन्हात घालून घ्यायची, पत्रव्यवहार बघायची. फिरून बाजारातल्या, बसस्टँडवरच्या, पुलाखालच्या लोकांना सांगायची, की अशी अशी जागा आहे, या.

हिवाळ्यात ते यायचे. डिसेंबर-जानेवारीत तर दाराशी रांग लागायची. रिक्षावाले, हमाल, बाजारात धान्य निवडणाऱ्या बाया, चाकू-कात्र्यांना धार लावणारा एक म्हातारा आपल्या चाकासकट, गाडीत गाणी म्हणणारं एक आंधळं जोडपं. बायकांसाठी हॉलच्या एका टोकाला तट्ट्या लावून आडोसा केला होता. त्या आडोशात एक बाई होती, पन्नाशीच्या आसपासची, अंगानं काटक. मिरचीच्या गोदामात लाल मिरच्यांचे देठ मोडायचं काम करायची. तिच्या लुगड्याला, केसांना, अगदी तिनं हात लावलेल्या पेल्यालासुद्धा मिरचीचा खाट, म्हणजे नाकाला झोंबणारा वास, यायचा. तिला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणू लागले. तिचा नवरा गिरणीत कामाला होता आणि गिरणीच्याच चाळीत त्यांची खोली होती. नवरा वारला, खोली दुसऱ्या कामगाराला मिळाली. मूलबाळ नव्हतं. पेटी एका ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवून ती बाजारात झोपू लागली होती. हे तिनं मला पहिल्याच थंडीत एकदा सांगितलं, आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही.

होळी झाली की मात्र हॉल रिकामा व्हायला लागायचा. एप्रिलच्या शेवटी चौकीदार एकटाच उरायचा, आणि तोही खाट दाराबाहेर टाकून झोपायचा. यात नवल काहीच नव्हतं. उन्हाळ्यात नागपुरात घरात झोपतं कोण? आम्ही कॉलनीतले सगळे अंगणात पाणी मारून खाटा टाकायचो, जुन्या महाल भागातले लोक गच्चीवर गाद्या नेत. ज्यांना घर होतं ते बाहेर झोपत, ज्यांना नव्हतं ते बाहेरच होते. रात्र दोघांचीही सारखीच, आणि बरी जायची. दुपारचं काय, हा प्रश्न होता. घरवाले दारं-खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून आत पडायचे. दुकानं फळ्या लावायची. बाजारातली सावलीसुद्धा तापलेली असायची. मी मात्र ऑफिसात बसून हॉलकडचं मधलं दार उघडं ठेवायची, कारण त्या जाड भिंतींच्या, उंच छपराच्या गोदामातून थंडगार हवा यायची. त्या सगळ्या गल्लीत तेवढी एकच जागा थंड होती, आणि नियमानं ती बंद होती.

माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, एक पोलीस शिपाई ऑफिसात आला. त्यानं तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या इथं झोपणारा कोणी रिक्षावाला होता काय? छत्तीसगडकडचा? एक मयत झाला आहे. त्याचं कोणी सापडून नाही राहिलं."

मी त्याच्याबरोबर गेले. गोदामांच्या ओळीमागे एका भिंतीला लागून रिक्षा उभी होती आणि तिच्याजवळ तो आडवा होता. मी त्याला लगेच ओळखलं. थंडीत तो रोज यायचा, रिक्षा आमच्या खिडकीच्या गजाला साखळीनं बांधायचा, आणि सकाळी जाताना "चलता हूँ बहनजी" म्हणून जायचा. दुपारी तो तिथं येऊन झोपला होता. हमालांनी पाहिलं होतं, पण झोपलेल्या माणसाला कोण उठवतं? संध्याकाळी सामान न्यायला कुणीतरी हाक मारली, तेव्हा कळलं. तोवर ऊन फिरून सावली सरकली होती आणि तो तसाच उन्हात राहिला होता. शिपायानं मला गावाचं नाव विचारलं. मला जिल्हाच काय तो माहीत होता. मी तेवढं सांगितलं. रिक्षाचा मालक येऊन रिक्षा घेऊन गेला, आणि बाकीचं सरकारी माणसांनी केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ऑफिसचं दार वाजलं. मावशी होती. तोंड लाल झालं होतं, डोक्यावर ओला पदर.

"बाई, आत कोणी झोपून राहिलं का आत्ता?"

"नाही."

"मंग सतरंज्या तरी झोपून राहिल्या असतीन."

तिनं आत येऊन भिंतीला टेकून बसकण मारली. "कालचा तो रिक्षावाला," ती म्हणाली, "मी पाहिला होता त्याले. मले वाटलं झोपला असन. आमच्या शेडमंधी दुपारी मिरचीचा असा खाट उठते, का श्वास घेणं होत नाही, म्हणून सारे बाहेर पडतात. पण जावं कुठी? तुमी मले सांगा, हे दार काहून बंद हाये?"

"मावशी, हा रात्रनिवारा आहे. सरकारचं अनुदान रात्रीसाठी आहे."

"सरकारले कोणी सांगतलं, का लोकं रात्रीच मरतात?"

रागावून नाही विचारलं तिनं. खरंच तिला जाणून घ्यायचं होतं, की हा नियम कुणाच्या सांगण्यावरून झाला. आणि मला ते माहीत नव्हतं. मी उठले आणि हॉलचं बाजारातून येण्याचं मोठं दार उघडलं.

पहिल्या दिवशी ती आणि तिच्याबरोबरच्या चार-दोन बाया आल्या. आठवड्यानं हॉल भरला. मी काही नियम केले. बिडी ओढायची नाही, दारू पिऊन यायचं नाही, बायकांच्या बाजूला पुरुषांनी जायचं नाही, ऊन उतरलं की निघायचं. लोक ते पाळायचे, थोडं मोडायचेही. एकानं बकरी आणली. बाहेर बांध म्हटलं तर म्हणाला, "माणसाले सावली आणि तिले नाही?" शेवटी बकरी नळाजवळच्या पडवीत राहिली आणि तिनं माझ्या ऑफिसचा झाडू खाल्ला. आंधळ्या जोडप्यातली बाई झोपेत गुणगुणायची, त्यावरून एक हमाल रोज कुरकुर करायचा, पण जागा बदलायचा नाही, तिच्या जवळच झोपायचा. मावशीनं पाण्याचं काम आपणहून अंगावर घेतलं. कुंभाराकडून माठ आणले, ते वाळूवर मांडले, त्यात वाळ्याची जुडी टाकली. पेला उष्टा केलेला तिला चालायचा नाही, वरून प्यायचं. साहेब असो का हमाल.

संस्थेचे सचिव एक निवृत्त मुख्याध्यापक होते. महालात राहायचे, कडक इस्त्रीचं धोतर नेसायचे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. मी हॉल उघडल्याचं त्यांना लगेच कळवलं नव्हतं, पण बाजारात गोष्ट लपते थोडीच. एका दुपारी ते छत्री घेऊन पायी आले. इतक्या उन्हात या वयाचा माणूस चालत आला, हे पाहूनच मला भीती वाटली.

"हे तुम्ही काय करून राहिल्या?" त्यांनी आवाज न चढवता विचारलं. "अनुदान बंद झालं तर हिवाळ्यात हेच लोक कुठे जातील? ते गारठून मरतील, त्याचा विचार केला काय?"

"केला सर. पण परवा इथला माणूस उन्हानं गेला."

"मला माहीत आहे." ते खुर्चीवर बसले. हॉलमधून घोरण्याचे आवाज येत होते. मग उठून ते मधल्या दारापर्यंत गेले, चष्मा पुसून आत पाहिलं. त्यांच्या शाळेतला एक जुना शिपाई भिंतीशी झोपला होता. सर त्याच्याकडे पाहत उभे राहिले, पण त्याला उठवलं नाही.

परत येऊन ते म्हणाले, "तपासणी होईल. खोटं काही सांगू नका. जे आहे तेच दाखवा. मग बघू." दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून आणखी दोन माठ आले.

तपासणीचे साहेब नवतपा लागला त्या आठवड्यात आले. नवतपा म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याचे शेवटचे, सगळ्यात जहाल दिवस. साहेब कोकणातले. बदली होऊन त्याच वर्षी नागपुरात आले होते. भर दुपारी जीपमधून उतरले, तेव्हा त्यांनी डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता आणि चेहरा पांढराफटक होता. मी उठून नमस्कार करेपर्यंत ते चौकटीला धरून उभे राहिले आणि खालीच बसले.

मावशी धावली. तिनं आणि जीपच्या ड्रायव्हरनं त्यांना धरून हॉलमध्ये आणलं, माठांजवळच्या सतरंजीवर झोपवलं. तिनं त्यांच्या तळपायांना कांदा चोळला, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, कैरीचं पन्हं चमच्यानं पाजलं. साहेब मध्येच म्हणाले, "तपासणी..." तर ती म्हणाली, "करजा जी मागून. आंधी झोपा." आणि ते झोपले. एका बाजूला हमाल, दुसऱ्या बाजूला धार लावणारा म्हातारा, मध्ये बूट काढून ठेवलेले साहेब. ड्रायव्हरही दाराशी आडवा झाला. मी ऑफिसात बसून कागद नीट लावून ठेवले आणि वाट पाहत राहिले.

ऊन उतरल्यावर ते उठले. तोंड धुऊन ऑफिसात आले, खुर्चीवर बसले. जरा ओशाळले होते.

"चहा मिळेल का?"

मी चहा मागवला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली. नळ पाहिले, संडास पाहिले, कांबळी मोजली. मग विचारलं, "रात्री मुक्कामाला किती असतात?"

"आजकाल कोणीच नसतं साहेब. रात्री सगळे बाहेर झोपतात. आम्हीसुद्धा."

"मीसुद्धा," ते म्हणाले. "क्वार्टरच्या गच्चीवर." त्यांनी पेन उघडलं. "पण अनुदान रात्रीच्या मुक्कामावर आहे बाई. दुपारच्या झोपेवर नाही. मला आहे तसं लिहावं लागेल. रात्री हॉल रिकामा, दुपारी भरलेला, आणि दुपारी उघडायची परवानगी नाही."

"लिहा," मी म्हणाले.

जीपमध्ये बसताना त्यांनी मावशीला विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?" तिनं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

पावसाळ्यात पत्र आलं. उन्हाळ्याच्या महिन्यांचं अनुदान नामंजूर. आधीची दोन वर्षं हिवाळ्यातले आकडे पाहूनच वर्षभराचं मंजूर झालं होतं. माझा त्या महिन्यांचा पगार अडकला, चौकीदाराचाही. सरांनी संस्थेच्या लोकांची बैठक बोलावली. काहींचं म्हणणं पडलं, की अधीक्षिकेनं नियम मोडला, तिला समज द्या. सर म्हणाले, "समज मला द्या. मी पाहून गेलो होतो." तो विषय तिथंच मिटला. चौकीदाराचा पगार संस्थेनं वर्गणीतून दिला, माझा मी पुढे ढकलला. यजमानांना सांगितलं तेव्हा ते रात्रपाळीला निघाले होते. डबा पिशवीत ठेवत म्हणाले, "पगाराचं पाहू आपण. पण पुढच्या उन्हाळ्यात काय करशील?" ते गेल्यावर मी ओटा पुसत राहिले. अनुदान हातचं जाऊ देऊन हिवाळा बुडवायचा, की दार बंद ठेवून उन्हाळा बघत बसायचं? यातलं काहीच मला जमण्यासारखं नव्हतं.

दसऱ्यानंतर कोकणातले ते साहेब पुन्हा आले. या वेळी तपासणी नव्हती. बाजारातून चालत, हातात पिशवी घेऊन आले होते. बसले आणि म्हणाले, "मी जे लिहिलं ते तुमच्या विरोधात गेलं, हे मला माहीत आहे. पण त्यात सगळं खरं आहे. दुपारी किती माणसं होती, तेही आहे. आता डिसेंबरात अधिवेशनाला सगळं मंत्रालय इथंच येणार. तुम्ही अर्ज करा, खात्याच्या वरिष्ठांना भेटा. माझ्या अहवालाचा हवाला द्या. मी नाही म्हणणार नाही."

दर डिसेंबरात नागपूर बदलून जायचं. रस्ते झाडले जायचे, मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनाकडे गाड्यांची रीघ लागायची, आणि विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आपापले अर्ज घेऊन यायची. आम्ही तिघं गेलो. सर, मी आणि मावशी. मावशीला न्यायचं सरांनीच ठरवलं. तिनं पेटीतून हिरवं लुगडं काढून नेसलं होतं आणि रस्ताभर ती माझ्यापेक्षा पुढे चालत होती.

आमची गाठ पडली ती मुंबईहून आलेल्या एका अवर सचिवांशी. रविभवनाच्या आवारात, कोवळ्या उन्हात खुर्च्या टाकून ते बसले होते. अंगात लोकरीचा स्वेटर, समोर संत्र्यांची टोपली. माणूस मोकळा होता. आम्हाला बसायला सांगितलं, संत्री पुढे केली.

"काय सुरेख हवा आहे तुमच्या नागपूरची," ते म्हणाले. मग मावशीकडे पाहून, "थंडीचा त्रास होत असेल ना तुम्हाला?"

"नाही जी. थंडीत तुमच्या कांबळीत मजेत झोपतो आमी. मी उन्हायाचं सांगाले आली."

"उन्हाळ्याचं? आत्ता?"

सर हळूच म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात सरकार इथं नसतं. म्हणून आत्ता आलो."

अवर सचिव हसले. पण मग त्यांनी अर्ज हातात घेतला आणि नीट वाचला. मला विचारलं, की रात्री लोक का येत नाहीत, इतर शहरांत तर येतात. मी इथल्या रात्रींबद्दल सांगितलं, अंगणातल्या खाटांबद्दल, गच्च्यांबद्दल. त्यांनी मुंबईला फुटपाथवर रात्री काय होतं ते सांगितलं. पाऊस, चोऱ्या, पोलिसांची हुसकावणी. सरकारनं हा नियम डोळ्यांसमोर मुंबई ठेवून केला होता आणि तिथं तो बरोबरच होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मग त्यांनी मावशीला विचारलं, "दुपारी तुम्ही तिथं काय करता?"

"झोपतो, न् काय करू? मी पाणी पाजतो, मंग झोपतो. चार वाजले का पुन्हा देठ मोडाले."

"आणि दार बंद असलं तर?"

तिनं थोडा विचार केला. "तर मंग सावलीच्या मागं मागं सरकतो," ती म्हणाली. "सरकाले जाग राह्यली तर."

सरांनी खाली पाहिलं. अर्जाच्या कोपऱ्यात अवर सचिवांनी दोन ओळी लिहिल्या आणि तो शेजारच्या कारकुनाकडे दिला. "बघतो," म्हणाले. सरकारी 'बघतो' आम्हाला नवा नव्हता, त्यामुळे परतताना कुणी फारशी आशा धरली नाही. मावशीनं मात्र टोपलीतली दोन संत्री पदरात बांधून घेतली होती. एक तिनं रस्त्यात सरांना सोलून दिलं. त्यांनी रस्त्यात उभं राहून काही खाल्लेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आदेश यायला एप्रिल उजाडला. मला तो बसल्याबसल्या दोनदा वाचावा लागला, कारण भाषा फार अडवळणाची होती. अर्थ असा होता, की स्थानिक हवामान पाहून निवाऱ्याच्या वेळा संस्थेनं ठरवाव्यात, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारची उपस्थिती मुक्काम म्हणून धरावी. शिवाय उन्हाळ्यापुरता एक पाणीवाला नेमायला मंजुरी होती. मागच्या वर्षीचं नामंजूर झालेलं मात्र नामंजूरच राहिलं. माझ्या त्या महिन्यांचा पगार कधीच आला नाही.

पाणीवाल्याच्या जागेवर मावशीला घ्यायचं हे उघडच होतं. सरांनी तिला ऑफिसात बोलावून सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे जे मी फुकट करून राहिली होती, त्याचा पगार?" सर म्हणाले, "हो." ती म्हणाली, "मंग माठ मीच घेईन. तुमचे ते महालातले माठ पाझरत नाहीत चांगले." सरांनी ते मान्य केलं.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत आमच्या हॉलात येणारं कुणी उन्हानं गेलं नाही. शहरात जातच होते. बसस्टँडवर, रेल्वेलाइनीशी, जिथं आमचा हॉल नव्हता तिथं. दुसऱ्या एका संस्थेनं आमच्या आदेशाची प्रत मागून नेली. त्यांचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. कोकणातल्या साहेबांची बदली झाली. जाण्याआधी ते एका दुपारी आले, बूट काढले आणि माठांजवळ तासभर पडून गेले. मावशीनं त्यांना ओळखलंही, पण पेला वरून प्यायलाच लावला.

मिरचीची मजुरी आणि उन्हाळ्याचा पगार असं मिळून मावशीनं रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत एक खोली भाड्यानं घेतली. दुकानदाराकडची पेटी तिनं डोक्यावर ठेवून नेली. हातगाडी घे म्हटलं तर ऐकली नाही. ऐंशीच्या सुरुवातीला माझ्या यजमानांची बदली चंद्रपूरकडे झाली आणि मी नोकरी सोडली, तेव्हा तिला भेटायला मी त्या खोलीवर गेले.

वर पत्रा होता. तिनं त्यावर गवताचे पेंढे टाकून दोरीनं बांधले होते आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारायची. खोलीत ती एकटी नव्हती. आंधळ्या जोडप्यातला माणूस गेल्या पावसाळ्यात वारला होता, आणि त्या बाईला तिनं आपल्याकडे आणलं होतं. मी गेले तेव्हा दोघींचा वाद चालला होता. आंधळीचं म्हणणं, चूल दाराजवळ हवी, तिला हातानं सापडते. मावशीचं म्हणणं, दाराजवळ धूर बाहेर जातो पण वारा जाळ विझवतो.

"बाई, तुमीच सांगा वं," मावशी म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच 'वं' म्हटलं होतं, घरच्या बाईला म्हणतात तसं.

मी म्हणाले, दाराच्या बाजूला भिंतीशी ठेवा, धूरही जाईल आणि वाराही लागणार नाही. दोघींनाही ते पटलं नाही. मग आंधळीनं मला हात धरून चटईवर बसवलं, मावशीनं चहा टाकला, आणि चहा होईस्तोवर दोघी पुन्हा त्याच चुलीवरून बोलत राहिल्या. चंद्रपूरला ऊन नागपूरपेक्षा जास्त असतं, तेव्हा कांदा जवळ ठेवत जा, असं मावशीनं मला निघताना बजावलं. मी हो म्हटलं आणि बस गाठायला निघाले.